दुसरी सही

नोटीस मराठीत होती, म्हणून रेवती खैरनारला ती दोनदा वाचावी लागली.

'आपल्या व कर्मचारी क्रमांक ४१७ यांच्या शरीरलयींमध्ये सातत्यपूर्ण जुळणी आढळून आलेली आहे. उभयतांमध्ये वैयक्तिक संबंध असल्यास तो आठवड्याच्या आत घोषित करावा. घोषित संबंध हा दोष मानला जाणार नाही. लपविलेला संबंध मात्र दोष मानला जाईल.' खाली दोन चौकोन होते. एकात 'हो', दुसऱ्यात 'नाही'.

सकाळची पाळी नुकतीच सुटली होती. कॅन्टीनमध्ये ती ताकाचा पेला पुढ्यात घेऊन बसली होती, आणि फोनचा तो ठरावीक सूर शेजारच्या टेबलांनाही ऐकू गेला होता. जुळणीच्या नोटिशीला कंपनीनं मुद्दाम वेगळा सूर दिला होता. युनियनची त्यावर तक्रार चालू होती. पॅकिंगच्या बायकांनी माना वळवल्या. एकीनं विचारलं, छत्तीसपैकी किती जुळले? दुसरी म्हणाली, पेढे कंदी असू देत. रेवती त्यांच्याबरोबर हसली आणि फोन पालथा ठेवला.

४१७ कोण, हे तिला शोधावं लागलं नाही. अकरा वर्षं तो आकडा सह्यांच्या नोंदीत तिच्या स्वतःच्या क्रमांकाच्या डाव्या बाजूला उमटत आला होता. तो विश्राम देवरेचा क्रमांक होता. आणि विश्राम देवरे गेल्या वर्षी, दसऱ्याच्या आधी, घोटीच्या रस्त्यावर अपघातात गेला होता.

'आरोहण बायोलॉजिक्स' सिन्नरच्या पलीकडे माळावर उभी होती. तिथं लशीच्या कुप्या भरल्या जात. भरण्याच्या खोलीला सगळे नुसतं 'फिलिंग' म्हणत. आत जाताना अंगभर पांढरा पोशाख चढवायचा, आणि डोक्यावर एक मोठी टोपी, जिच्यात नळीतून गाळलेली हवा सतत येत राहते. त्या टोपीला बायका टोपडं म्हणत. पुढे पुरुषही म्हणू लागले. टोपड्यातून माणसाचे फक्त डोळे दिसत.

फिलिंगमध्ये बोलायला मनाई होती. बोलताना तोंडातून कण उडतात, आणि एक कण म्हणजे एक बिघडलेली कुपी. परवानगी फक्त दोन शब्दांना होती. काम करणारा काम झालं की म्हणे, 'केलं.' शेजारी उभा असलेला दुसरा ते डोळ्यांनी बघून म्हणे, 'पाहिलं.' भिंतीतला संगणक दोन्ही आवाज ओळखून दोघांच्या सह्या नोंदवत असे. काम चुकलं असेल तर दुसऱ्यानं गप्प राहायचं, आणि त्या गप्प राहण्यानं सगळी ओळ थांबायची. एकाचा हात चुकू शकतो, म्हणून दुसऱ्याचे डोळे. दुसरी सही नसेल तर पहिलीला किंमत नाही.

अकरा वर्षं विश्राम म्हणत आला, केलं. आणि रेवती म्हणत आली, पाहिलं. नवऱ्याशीही तिचं एवढं बोलणं झालं नसेल.

कंपनीचं धोरण या दुसऱ्या सहीतूनच आलं होतं. जीव जडला की माणसाचे डोळे मऊ होतात. समोरच्याचं चुकलेलं दिसत नाही, किंवा दिसूनही तोंडातून 'पाहिलं' निघून जातं. ही भीती खोटी नव्हती. मागे एका जोडीनं आपलं प्रकरण लपवलं होतं आणि अख्खी बॅच नष्ट करावी लागली होती. तेव्हापासून नियम असा, की प्रेम करा, पण सांगा. दोघांपैकी एकाची खोली बदलेल, बाकी काही होणार नाही. लोक तरीही लपवत. मग कंपनीनं मनगटावरच्या पट्ट्यांना विचारायला सुरुवात केली.

पट्टे मुळात थकवा मोजण्यासाठी होते. नाडी, श्वास, घाम. जुळणीची कल्पना त्यांतूनच निघाली, आणि तिच्यामागचं विज्ञान अगदी साधं होतं. बागेत एकाच लोखंडी पाइपाला दोन झोपाळे टांगलेले असतात. एकाला झोका द्या, दुसरा रिकामा सोडा. थोड्या वेळानं रिकामा झोपाळा आपोआप हलू लागतो. पहिल्यानं त्याला हात लावलेला नसतो. वरच्या पाइपानं लावलेला असतो. माणसांचंही तसंच होतं. एकमेकांवर विसंबलेली दोन माणसं एका खोलीत बराच काळ राहिली, की त्यांचे श्वास हळूहळू एका लयीत येतात आणि श्वासांमागून हृदयाचे ठोके. आई आणि तान्ह्या मुलाचं असं होतं, एकत्र गाणाऱ्यांचं होतं. नवऱ्याबायकोचं होतं, नाहीही होत. यंत्राला प्रेम कळत नव्हतं. त्याला फक्त वरचा पाइप दिसत होता.

मिहीर सबनीस मनुष्यबळ विभागात होता. तिशीचा, मऊ आवाजाचा, दुसऱ्याच्या वतीनं सतत ओशाळलेला. त्यानं रेवतीसाठी चहा मागवला आणि चहा येईपर्यंत विषय काढला नाही. मग म्हणाला, की ही यंत्रणेची चूक आहे, जुनी नोंद कुठंतरी अडकून राहिली असणार, तो आजच ती काढून टाकतो. त्यानं माफीही मागितली. देवरेभाऊंचं नाव असं समोर यावं, याचं त्याला फार वाईट वाटत होतं.

चार दिवसांनी नोटीस पुन्हा आली. या वेळी 'सातत्यपूर्ण'च्या जागी 'अत्युच्च' असा शब्द होता.

मिहीरनं तिला पुन्हा बोलावलं. या वेळी चहा नव्हता. त्यानं दार लावून घेतलं आणि खुर्ची तिच्या बाजूला ओढली, जणू पडद्यावर जे होतं ते त्याला एकट्याला बघायचं नव्हतं.

"मॅडम, ही जुनी नोंद नाही. मी तपासलं. यंत्रणा खोलीतल्या सगळ्या लयी ऐकते आणि प्रत्येकीवर नाव चिकटवते. ही लय ताजी आहे. आज सकाळचीसुद्धा आहे."

रेवतीनं विचारलं, की ताजी म्हणजे काय.

"फिलिंगमध्ये तुमच्या पाळीत सहा माणसं असतात," मिहीर म्हणाला. "लयी सात येतात."

दुसऱ्या दिवशी पाळी सुरू झाली तेव्हा रेवती नेहमीप्रमाणे दाराशेजारच्या दाबमापकासमोर उभी राहिली. फिलिंगमध्ये हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त ठेवतात, म्हणजे दार उघडलं तरी हवा बाहेर जाते, बाहेरची धूळ आत येत नाही. तो दाब दाखवणारी गोल तबकडी भिंतीत बसवलेली होती. काटा पंधराच्या आसपास असायला हवा. तो तसा होता, आणि किंचित हलत होता. उन्हाळ्यापासून तो हलतच असे. 'निवांत' नावाची एक नवी व्यवस्था बसवली होती, हवेच्या झोताला अगदी हलकी भरती-ओहोटी देणारी, म्हणजे आत काम करणाऱ्यांचं मन शांत राहावं. हे हलणं ठरवून दिलेल्या मर्यादेत होतं. रेवतीनं महिनोन्‌महिने ते पाहून मर्यादेत असल्याची सही केली होती.

आज तिनं काट्याकडे नोंदीसाठी म्हणून नव्हे, नुसतंच पाहिलं.

काटा वर चढला, आणि थोडासा चढून थबकला. मग उरलेला चढला. सावकाश उतरला. खाली बराच वेळ थांबला. पुन्हा चढला, थबकला, चढला.

विश्रामला लहानपणी दमा होता. मोठेपणी दमा गेला, पण श्वासाची एक सवय मागे राहिली. तो श्वास दोन टप्प्यांत घ्यायचा. अर्धा घेऊन जरा थांबायचा, जणू उंबऱ्यावर पाय ठेवून आत येऊ का विचारतोय, आणि मग आत यायचा. टोपड्यातून डोळ्यांशिवाय काही दिसत नसे, पण पोशाखाचा खांदा दिसे. अकरा वर्षं तिच्या उजव्या बाजूला तो खांदा दोन टप्प्यांत वर जात होता.

तिच्या कानाशी नळीतून हवा येत होती. ती अर्धी आली, थांबली, आणि मग आली. त्या थांबण्यात तिच्या लक्षात आलं की तिचा स्वतःचा श्वासही अर्ध्यावर उभा आहे.

यास्मिनताई शेख पॅकिंगमध्ये होत्या आणि युनियनच्या प्रतिनिधी होत्या. आवाज मोठा, चष्मा दोरीला बांधलेला. रेवतीनं त्यांना गेटबाहेरच्या चहाच्या गाडीवर गाठलं आणि सगळं सांगितलं. म्हणजे, नोटिशीचं सांगितलं. यास्मिनताईंनी नोटीस वाचली, पाठीमागून वाचता आली असती तर तशीही वाचली असती.

त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं. नियम 'संबंध' म्हणतो. संबंध म्हणजे दोघांनी केलेली गोष्ट. नुसतं मनात असलेलं कंपनीला सांगायला कुठलाही कामगार बांधील नाही, आणि शरीरानं परस्पर दिलेली कबुली ही कबुलीच नव्हे. नाडीला कुणी विचारून ती चालत नाही, म्हणून तिची साक्ष कशी घेणार? तेव्हा चौकोन कुठला, तर 'नाही'. त्यात लबाडी काहीच नाही.

"काही नव्हतंच ना तसं?" त्यांनी विचारलं.

"नव्हतं," रेवती म्हणाली. ते खरं होतं. कॅन्टीनमध्येसुद्धा ती दोघं वेगवेगळ्या टेबलांवर बसत. तेवढं त्यांनी न ठरवता ठरवलेलं होतं.

यास्मिनताईंनी चहा संपवला, पेला गाडीवर ठेवला. मग आवाज खाली आणला. त्यांना तो आणता येतो हे रेवतीला माहीत नव्हतं.

"अगं, सगळं खातं त्याला देवरेभाऊ म्हणायचं. मी म्हणायचे, मॅनेजरबाई म्हणायच्या, ती कालची आलेली पोरगीपण म्हणायची. तू एकटी नुसतं 'देवरे' म्हणायचीस. मला त्याला यंत्र नाही लागलं."

यास्मिनताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो हात क्षणभर तिथंच राहिला. रेवतीची पाठ दोन टप्प्यांत वर आली होती, आणि ते त्यांना जाणवलं असावं.

आपल्या मनातलं ज्या दिवशी तिला कळलं होतं, तो दिवस असा होता. विश्रामनं हातमोजा न बदलता उघड्या कुप्यांवरून हात नेला. घाईत, नकळत. आणि म्हणाला, 'केलं.' रेवती गप्प राहिली. तो तिच्याकडे पाहत राहिला, ती तबकडीकडे. ओळ थांबली, कुप्या फेकाव्या लागल्या, त्याला लेखी समज मिळाली. संध्याकाळी कपडे बदलण्याच्या खोलीबाहेर तो भिंतीला टेकून तिची वाट पाहत होता. तिला वाटलं, रागावेल.

"तुम्ही गप्प राहिलात," तो म्हणाला, "म्हणून आज मला झोप लागेल."

एवढंच. तेवढ्या वाक्यावर ती पुढची सहा वर्षं राहिली. त्याला पुरेपूर शोभेल अशी दुसरी सही तिनं दिली. एकदाही न पाहिलेलं पाहिलं म्हटलं नाही. तिच्यापाशी त्याला द्यायला दुसरं काही नव्हतंच.

खुलासा जान्हवी पाध्येनं केला. 'निवांत' बसवणाऱ्या कंपनीची ती अभियंता होती, पुण्याहून आली होती, आणि तिला यात भिण्यासारखं काही दिसत नव्हतं. मिहीरच्या खोलीत तिनं रेवतीला, यास्मिनताईंना आणि मिहीरला समोर बसवून ते सांगितलं.

हवेला लय द्यायची तर कुणाची तरी द्यावी लागते. नुसती सरळ, यांत्रिक लय माणसाचं शरीर ओळखतं आणि तिच्यामागे जात नाही. म्हणून कंपनीनं पट्ट्यांच्या जुन्या नोंदी चाळल्या आणि सगळ्यांत शांत, सगळ्यांत कमी चुका करणाऱ्या माणसाचा श्वास निवडला. त्याचं नाव कुणी पाहिलं नव्हतं, फक्त क्रमांक. तो श्वास आता फिलिंगच्या हवेचा श्वास होता, आणि यंत्रणेला ऐकू येणारी सातवी लयही तीच. शिवाय ही लय एकतर्फी नव्हती. वारा माणसांना थोडा ओढतो, आणि माणसं वाऱ्याला थोडी ओढतात; खोलीत जी लय सगळ्यांत पक्की असेल तिच्याकडे 'निवांत' झुकत राहतं. सहाही जणांच्या श्वासात त्या नमुन्याचा थोडा अंश उतरला होता. रेवतीच्या श्वासात तो जवळजवळ पूर्ण उतरला होता.

"असं एखाद्याच बाबतीत होतं," जान्हवी कौतुकानं म्हणाली. "तुमची आधीपासून तयारी असणार."

मिहीर खाली बघू लागला. यास्मिनताईंनी मात्र चष्मा लावला. त्यांना हवं ते सापडलं होतं. कामगार नोकरीतून गेला की त्याच्या शरीराच्या नोंदी पुसायच्या, असं करारातलं कलम होतं. मेलेला माणूस नोकरीतून गेलेलाच असतो. देवरेचा श्वास कंपनीनं त्याला न विचारता घेतला, त्याच्या आईला न विचारता भिंतीत बसवला. जिवंतपणी त्यानं आठ तास विकले होते, त्याच्यापुढचं काही विकलं नव्हतं. उद्या युनियन हे प्रकरण वर नेईल, तेव्हा आजच पुसा.

त्या रेवतीसाठी भांडत होत्या. एकही शब्द चुकीचा नव्हता.

मिहीरनं निमूटपणे मान्य केलं; पुसायचं सोमवारी ठरलं. त्यालाही ते सोयीचं होतं. जुळलेल्या दोघांपैकी एकानं खोली सोडायची असा नियमच होता, आणि या जोडीपैकी कुणाला सोडायला लावणं सोपं, ते उघड होतं. राहता राहिला चौकोन. त्यानं फोन रेवतीपुढे सरकवला. संबंध होता का, एवढंच सांगायचं.

"संबंध नव्हता," रेवती म्हणाली. "जुळणी होती."

त्या वाक्यासाठी चौकोन नव्हता. तिनं 'नाही'वर बोट ठेवलं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर सुहास, तिचा नवरा, दिवाणावर आडवा झाला. तो जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवत असे. भला माणूस होता, आणि त्यांच्यात भांडण असं काही नव्हतं. बोलणंही फारसं नव्हतं. मध्यंतरी एकदा त्यानं तिला विचारलं होतं, तुला दमा तर होत नाहीये ना, झोपेत अर्ध्यावर थांबतेस. ती म्हणाली होती, धूळ असेल.

रेवती खिडकीजवळ मेथी निवडत बसली होती. पंखा फिरत होता. बाहेर कुणाच्या तरी गच्चीवर कुरडया वाळत घातलेल्या होत्या आणि कावळा त्यांच्याकडे बघत होता. सुहासचा डोळा लागला. त्याच्या छातीवर उघडं ठेवलेलं वर्तमानपत्र वर गेलं.

अर्ध्यावर थबकलं. मग उरलेलं वर गेलं.

रेवतीचे हात थांबले. वर्तमानपत्र सावकाश खाली आलं, खाली बराच वेळ राहिलं. पुन्हा वर, पुन्हा तो उंबरा. सुहासनं विश्राम देवरेला आयुष्यात पाहिलं नव्हतं. तो फिलिंगमध्ये कधी गेला नव्हता. तो फक्त रोज रेवतीच्या शेजारी झोपत होता.

वरचा पाइप ती स्वतः होती.

तिला भीती वाटली. ती खरी भीती होती. हे थांबवायलाच हवं, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि त्यात तिला शंका वाटली नाही. हा माणूस बिचारा आपल्या श्वासानं झोपायला मोकळा असला पाहिजे. यास्मिनताई बरोबर होत्या, करार बरोबर होता. सोमवारी ते पुसलं जाईल आणि बरं होईल.

मग तिनं मेथीची जुडी खाली ठेवली, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर पहिल्यांदा, नवऱ्याच्या उशाशी बसून तो झोपेत श्वास कसा घेतो ते बघत राहिली. चहाची वेळ होऊन गेली तरी उठली नाही.

पुसण्याचं कामही कामच होतं, म्हणून त्याला दोन सह्या लागणार होत्या. जान्हवी काचेच्या बाहेरून नमुना पुसणार होती. तिच्या पडद्यावर फाइल रिकामी झालेली दिसली असती, पण खोलीतली हवा खरंच बदलली का, हे फक्त आतली तबकडी सांगू शकत होती. काटा एकसारखा वर, एकसारखा खाली जायला हवा. मध्ये थबकता कामा नये. तसं दिसलं तर दुसऱ्यानं सही द्यायची.

तबकडीवर दुसरी सही करण्याचा अधिकार दोघींना होता. त्यातली एक बाळंतपणाच्या रजेवर होती. मिहीरला यात काही अडचण दिसली नाही. रेवतीनं 'नाही' म्हटलं होतं, प्रकरण बंद झालं होतं, आणि बंद झालेल्या प्रकरणाचा कुणावर डाग राहत नाही, हेही धोरणातच लिहिलेलं होतं.

"आणि तुमच्याइतकी कडक दुसरी सही अख्ख्या फॅक्टरीत नाही," तो म्हणाला. त्याला तिचा मान राखायचा होता.

फिलिंग रिकामं होतं. काम बंद असल्यामुळे यंत्रांवर प्लॅस्टिकची आवरणं होती. रेवती एकटीच आत होती, टोपड्यात. काचेपलीकडे जान्हवी गुडघ्यांवर संगणक घेऊन स्टुलावर बसली होती. तिनं अंगठा वर केला. रेवतीनं मान हलवली.

कानाशी हवा आली, थांबली, आली.

जान्हवीनं एक कळ दाबली. भिंतीतल्या स्पीकरमधून तिचा आवाज आला, नियमाप्रमाणे एकच शब्द.

"केलं."

काटा वर गेला. न थांबता वर गेला, न थांबता खाली आला. पुन्हा वर, पुन्हा खाली. शाळेच्या पुस्तकातल्या लाटेसारखा, गुळगुळीत. टोपड्यातली हवा नुसती हवा झाली. तिच्यात कुणी नव्हतं. रेवतीला आठवलं, अपघाताची बातमी आली त्या दिवशीही फिलिंग चालू होतं. तिच्या उजव्या बाजूला दुसराच कुणीतरी उभा राहिला होता आणि म्हणाला होता, केलं. आणि तिनं पाहून सांगितलं होतं, पाहिलं. पाळी संपेपर्यंत.

आता शब्द उच्चारायचा. काटा एकसारखा होता. तिनं तोंड उघडलं, आणि बोलायला श्वास लागतो म्हणून श्वास घेतला.

तो अर्धा आला आणि उंबऱ्यावर थांबला. मग आत आला.

काटा वर जात होता. तो मध्येच किंचित डळमळला.

तिनं पुन्हा श्वास घेतला. मुद्दाम नव्हे; निदान तसं मुद्दाम नव्हे. खोलीत दुसरं कुणीच नव्हतं, सगळ्यांत पक्की लय तिचीच होती. काटा तिच्याकडे झुकू लागला. एका श्वासात डळमळला, पुढच्यात रेंगाळला, आणि त्याच्या पुढच्यात, अर्ध्या वाटेवर, अगदी ओळखीचा असा, थबकला. मग वर गेला.

कानाशी हवा आली, थांबली, आली.

काचेपलीकडे जान्हवी वाट बघत होती. तिच्या पडद्यावर सगळं रिकामं असणार, काम झालेलं असणार. तिची नजर रेवतीवर होती, चेहरा निर्धास्त होता. फाइल बंद करून पुण्याला जायचं होतं. तिच्या मांडीवरचा संगणक तिच्या श्वासाबरोबर हलत होता. थोडासा वर आला, थबकला, आणि उरलेला वर आला. तिला त्याचा पत्ता नव्हता.

रेवतीनं फक्त गप्प राहायचं होतं. तिला ते येत होतं. एका माणसासाठी तिनं आयुष्यात ते एकदाच केलं होतं, आणि त्या माणसानं त्याबद्दल तिचे आभार मानले होते. गप्प राहिली, तर जान्हवी पुन्हा पुसेल, तिला बाहेर काढून पुसेल, हवा हवा होईल, सुहास आपल्या श्वासानं झोपेल.

काटा खाली येऊन थांबला होता. वर जायला तो तिची वाट पाहत होता.

"पाहिलं," रेवती म्हणाली.

भिंतीतल्या संगणकानं आवाज ओळखला आणि हिरवा दिवा लावला. जान्हवीनं आवरायला घेतलं. काटा थोडा चढला, उंबऱ्यावर थांबला, आणि आत आला.